केळ्याचा केक आणि छोटा ओटीजी: काय पाहून घ्यावा, कसा चालवावा

काळी पडलेली केळी घरात वरचेवर उरत असतील आणि त्यांचा केक घरीच करायचा असेल, तर १६ ते २० लिटरचा साधा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे ओट्यावर ठेवायचा विजेचा छोटा ओव्हन) पुरेसा आहे. पंखा नको, डिजिटल पडदा नको, मांस फिरवत भाजायची रोटिसरी तर नकोच. वर-खाली सळया, तापमानाचं बटण, कोणत्या सळया चालू ठेवायच्या ते बटण आणि घंटा वाजवणारा टायमर, एवढ्यावर काम होतं. बजाज, मॉर्फी रिचर्ड्स, अगारो अशा बऱ्याच कंपन्यांचे या मापाचे ओटीजी बाजारात आहेत आणि आतली रचना थोड्याफार फरकाने सारखीच असते. म्हणून हे परीक्षण एखाद्या मॉडेलचं नाही, या प्रकारच्या यंत्राचं आहे. परीक्षेला केळ्याचा केक घेतला आहे, कारण छोट्या ओटीजीचे सगळे गुणदोष हा एकच केक उघडे पाडतो.

साधा स्पंज केक पसरट टिनमध्ये अर्ध्या तासात होतो. केळ्याचा केक लांबट, खोल टिनमध्ये भाजतात, त्याचं मिश्रण जड असतं आणि केळ्याच्या गरात सुमारे पाऊण भाग पाणीच असतं. मधला भाग घट्ट व्हायला तास लागतो आणि तो तासभर केकचा माथा वरच्या सळईखाली उघडा असतो. मोठ्या ओव्हनमध्ये सळई आणि माथा यांत भरपूर अंतर राहतं. छोट्या ओटीजीत केक फुगला की जेमतेम पाच-सहा बोटं उरतात. वरून करपला आणि आतून कच्चा राहिला, हे होतं ते यामुळे. यंत्र वाईट आहे असं नाही, ते समजून वापरावं लागतं.

आधी तापमानाचं बटण. त्यावरचे आकडे अंदाज म्हणूनच वाचावेत. आतला थर्मोस्टॅट दोन धातूंच्या जोडपट्टीवर चालतो: पट्टी तापून वाकली की सळया बंद, निवून सरळ झाली की पुन्हा चालू. कान दिला तर त्याची ‘टक्’ ऐकू येते. पण ही पट्टी बटणांच्या बाजूच्या भिंतीला असते, केकजवळ नसते. त्यामुळे बटण १८० वर असताना जाळीवर १६० किंवा २०० अंश असणं या यंत्रात नेहमीचंच आहे. शिवाय सळया चालू-बंद होताना तापमान सतत वर-खाली होत राहतं.

यावर एकच इलाज: जाळीवर टेकणारा किंवा जाळीला अडकवायचा ओव्हन थर्मामीटर. ओटीजीच्या किमतीच्या मानाने तो स्वस्त आहे, आणि माझं स्पष्ट मत असं की थर्मामीटर घ्यायचा नसेल तर ओटीजीही घेऊ नये. नवा ओटीजी आणला की आधी कारखान्याचा वास आणि धूर जाईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवून रिकामाच तापवावा. मग बटण १७० वर ठेवून अर्धा तास चालवावा आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत काचेतून काट्यावर नजर ठेवावी. काटा सर्वांत वर कुठे गेला आणि सर्वांत खाली कुठे आला ते लिहावं. दोन्हींचा मध्य म्हणजे जाळीवरचं खरं तापमान. मध्य १८५ निघाला तर तुमचा ओटीजी १५ अंश पुढे आहे. केकसाठी १७० हवे असतील तर बटण १५५ वर लावायचं. त्या जागी मार्करने खूण करून ठेवावी, म्हणजे दर वेळी हिशेब नको.

पहिल्या फेरीत काटा नेहमीच जास्त वर उसळतो. म्हणून सळया चालू असल्याचा दिवा पहिल्यांदा विझला की लगेच टिन आत सरकवू नये. दिवा विझून, पुन्हा लागून, दुसऱ्यांदा विझेपर्यंत थांबावं. बारा ते पंधरा मिनिटं लागतात.

विजेबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सळईची ताकद विजेच्या दाबाच्या (व्होल्टेजच्या) वर्गाच्या, म्हणजे दाब गुणिले दाब याच्या, प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला १२०० वॅट देणारा ओटीजी २०० व्होल्टला ९०० वॅटच्या आसपास येतो, म्हणजे चौथा हिस्सा ताकद गेली. संध्याकाळी जिथे दाब उतरतो तिथे तापायलाच पंचवीस मिनिटं लागतील आणि केकलाही जास्त वेळ लागेल. अशा ठिकाणी केक सकाळी किंवा दुपारी करावा. पूर्ण दाबाला १२०० वॅटचा ओटीजी तापवण्यासकट सव्वा तास चालला तरी दीड युनिटच्या वर जात नाही, कारण सळया मधूनमधून बंदच असतात. मात्र एक्स्टेंशन बोर्डवर लावू नये, भिंतीतल्या चांगल्या सॉकेटलाच लावावा. आणि मागे-बाजूला चार बोटं मोकळी जागा हवी.

दुकानात पाहायचं ते हे: सळया दोन आहेत की चार? वर एक आणि खाली एकच असेल तर केकच्या माथ्यावर सळईच्या रेषेत काळा पट्टा उठतो. वर दोन, खाली दोन असतील तर टिन मधोमध, दाराला समांतर ठेवता येतो आणि धग दोन्हीकडून सारखी येते. वरच्या-खालच्या सळया वेगवेगळ्या चालू करायचं बटण हवंच. ते नसलेला स्वस्तातला ओटीजी टोस्टसाठी ठीक, केकसाठी नाही. दार लावल्यावर फट राहते का ते कागदाची पट्टी अडकवून पाहावं. पट्टी सहज निसटली तर दारातून वाफ आणि उष्णता जात राहणार. टायमर ६० मिनिटांचा असतो. केळ्याच्या केकला तो एखादे वेळी कमी पडतो, तेव्हा शेवटी पुन्हा फिरवावा लागतो. लहान आकड्यांवर हे स्प्रिंगचे टायमर नीट चालत नाहीत, म्हणून आधी २० च्या पुढे फिरवून मग हव्या त्या आकड्यावर मागे आणावा.

सोबत मिळणारा पत्र्याचा ट्रे केकखाली ठेवू नका. तो खालच्या सळयांची सगळी धग अडवतो, तळ पांढरा राहतो आणि सगळं भाजणं वरच्या सळयांवर पडतं. टिन नेहमी तारेच्या जाळीवर, आणि जाळी सर्वांत खालच्या खाचेत. नवीन लोकांचे पहिले केक बिघडतात ते बहुतेक या ट्रेपायी.

टिन ८ बाय ४ इंचाचा, अडीच इंच खोल, फिकट रंगाच्या ॲल्युमिनियमचा घ्यावा. काळा नॉनस्टिक टिन दिसायला छान असतो, पण ओटीजीत भाजणं बरंचसं सळईच्या थेट धगीवर होतं आणि काळा रंग ती धग जास्त शोषतो. कडा जाड आणि कडक होतात. काळाच टिन असेल तर तापमान १० ते १५ अंशांनी उतरवावं. काचेच्या भांड्यालाही तेच लागू, शिवाय दहाएक मिनिटं जास्त. सिलिकॉनच्या साच्यात बाजू रंग धरत नाहीत आणि जड मिश्रणाने पोट सुटतं, म्हणून नको. टिनला तेल लावून भाजणीचा कागद दोन्ही बाजूंनी वर येईल असा घालावा, म्हणजे केक उचलून काढता येतो. बटर पेपर म्हणून जो मेणाचा पातळ कागद मिळतो तो चालत नाही. मेण वितळतं आणि कागद केकला चिकटतो.

आता केळी. हिरव्या केळ्यात वीसेक टक्के स्टार्च असतं. पिकताना त्याची साखर होत जाते आणि पूर्ण पिकलेल्या केळ्यात ते टक्का-दोन टक्क्यांवर येतं. केकला लागतं ते हे टोक: सालीचा अर्ध्याहून जास्त भाग तपकिरी किंवा काळा, बोटाने दाबलं तर गर आत जातो, सोललं तर कडांना अर्धपारदर्शक झाक. नुसती पिवळी, चार ठिपक्यांची केळी खायला चांगली, केकमध्ये त्यांचा वास उतरत नाही. काळी साल म्हणजे खराब केळं नव्हे. खराब केळं ओळखावं ते देठापाशी पांढरी-हिरवी बुरशी, सालीतून गळणारं पाणी आणि दारूसारखा आंबूस वास यावरून. असं केळं टाकूनच द्यावं, भाजल्याने तो वास जात नाही.

बाजारात जी मोठी केळी मिळतात ती बहुतेक जळगाव-सोलापूरकडची ग्रँड नैन, म्हणजे जी-९. सोललेलं एक १०० ते १२० ग्रॅम भरतं, तीन पुरतात. गर मऊ, पाणी जास्त, वास भरपूर. केकसाठी हेच सर्वांत सोयीचं. वेलची केळी छोटी, सोलून चाळीस-पन्नास ग्रॅम, म्हणजे सहा-सात लागतात. गर घट्ट, चव किंचित आंबट-गोड, पाणी कमी. केक उत्तम होतो, फक्त दोन टेबलस्पून दूध वाढवावं. सत्यनारायण किंवा गणपतीनंतर घरात वेलची केळ्यांचा ढीग उरतो तेव्हा शिऱ्याइतकाच हा केकही त्यांना शोभतो. राजेळी मात्र केकसाठी घेऊ नये. तिचा गर पिठूळ, नीट कुस्करला जात नाही आणि केकमध्ये गुठळ्या राहतात. ती वसईकडच्या सुकेळीसाठीच (उन्हात वाळवलेल्या केळ्यांसाठीच) खरी. गोव्यातल्या मोयऱ्याच्या केळ्यांचंही तसंच, त्यांची जागा फिगादमध्ये, म्हणजे केळ्यांच्या आटवलेल्या गोड वडीत.

घाई असेल तर अर्धवट पिकलेली केळी सालीसकट ओटीजीत १५० अंशांवर वीस मिनिटं ठेवून काळी करतात. साल काळी होते, गर मऊ होतो, पण गोडी काही तेवढी वाढत नाही आणि पिकल्याचा वासही येत नाही. त्यापेक्षा कागदी पिशवीत एका सफरचंदाबरोबर बंद करून एक-दोन दिवस थांबलेलं बरं. उलट केळी पिकली आणि केकला वेळ नसेल तर सोलून, डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवावीत, सालीसकट नाही. बर्फ सुटला की गरातून बरंच पाणी निथळतं. गर चाळणीत ठेवून ते पाणी खाली धरावं, मंद आचेवर तिसरा हिस्सा उरेपर्यंत आटवावं आणि निवल्यावर पुन्हा गरात मिसळावं. या आटलेल्या रसाने केकला जो वास येतो तो ताज्या केळ्यांनीही येत नाही. थोडी मेहनत आहे, पण करून पाहाच.

प्रमाण ८ बाय ४ च्या टिनसाठी. गर सोलून, कुस्करून वजन केल्यावरचा आहे. ‘तीन केळी’ हे माप नव्हे, कारण तीन केळी २५० ग्रॅमही भरतात आणि ४०० ही.

अंड्याचा केक: मैदा १८० ग्रॅम, केळ्याचा गर ३०० ग्रॅम, साखर ११० ग्रॅम, वास नसलेलं तेल ८० मिली, अंडी २, खाण्याचा सोडा अर्धा टीस्पून, बेकिंग पावडर अर्धा टीस्पून, मीठ पाव टीस्पून, जायफळ किसून दोन चिमूट, अक्रोड ५० ग्रॅम.

बिनअंड्याचा: मैदा १८० ग्रॅम, गर २५० ग्रॅम, आंबट नसलेलं घट्ट दही १०० ग्रॅम, साखर १२० ग्रॅम, तेल ८० मिली, सोडा अर्धा टीस्पून, बेकिंग पावडर १ टीस्पून, व्हिनेगर १ टीस्पून, मीठ, जायफळ आणि अक्रोड तेवढेच.

टीस्पून म्हणजे ५ मिलीचा मापाचा चमचा, सपाट केलेला. घरातला चहाचा चमचा नाही. सोड्यात पाव चमच्याचा फरक चवीत लगेच कळतो. केळ्याचा गर आम्लधर्मी असतो आणि दही-व्हिनेगरही, त्यांच्याशी जुळून सोड्याचा वायू सुटतो. आम्ल संपलं आणि सोडा उरला की केक साबणासारखा लागतो आणि आतून काळपट होतो. म्हणून फुगत नाही असं वाटलं तर सोडा वाढवू नये, आधी तो ताजा आहे का पाहावं: सोड्यावर लिंबू पिळलं की जोरात फसफसला पाहिजे, बेकिंग पावडर गरम पाण्यात टाकली की लगेच बुडबुडे यायला हवेत. फेस मरगळलेला असेल तर डबा बदला.

तेलच का? लोण्याची चव चांगली, पण लोणी आणि तूप फ्रिजमध्ये थिजतं आणि केक घट्ट लागतो. तेल द्रवच राहतं, केक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही मऊ राहतो. घाण्याचं शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल मात्र केळ्याच्या वासावर मात करतं. लोण्याचा स्वाद हवाच असेल तर निम्मं तेल, निम्मं वितळवलेलं लोणी. साखरेऐवजी तेवढाच किसलेला गूळ गरात विरघळवून चालतो. केक जास्त ओलसर होतो, रंग लवकर धरतो, म्हणून तापमान दहा अंश कमी. कणीक वापरायची तर निम्मी वापरावी. चक्कीवरची बारीक कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते, तेव्हा दोन टेबलस्पून दूध वाढवावं. सगळी कणीक घातली तर केक गच्च होतो, हे पचवायची तयारी ठेवावी.

ओटीजी तापत ठेवल्यावरच मिश्रणाला लागावं. केळी काट्याने कुस्करावीत, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे राहिले तर राहू द्यावेत. मिक्सर नको: गर पातळ होतो, मिश्रण सैलावतं आणि केकच्या तळाशी चिकट थर बसतो. गरात साखर घालून पाच मिनिटं ठेवावं, मग तेल, अंडी किंवा दही-व्हिनेगर घालून विस्कने मिनिटभर फेटावं. मैदा, सोडा, पावडर, मीठ दोनदा चाळून घ्यावं, सोड्याची एखादी गुठळी राहिली तरी तिथे काळा कडू ठिपका पडतो. अक्रोड चमचाभर मैद्यात घोळवून ठेवावेत.

मैदा ओल्या मिश्रणात घातला की पुढचं अर्धं मिनिट सर्वांत महत्त्वाचं. विस्क बाजूला ठेवा, उलथन्यासारखा रबरी चमचा घ्या. तळातून वर, भांडं थोडं फिरवून पुन्हा तळातून वर, असे बारा ते पंधरा फेरे. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं, मिश्रण खडबडीत दिसलं तरी. गुळगुळीत, चकचकीत आणि चमच्यावरून तारेसारखं ओघळू लागलं तर मैद्याचं ग्लुटेन (त्यातलं चिवट प्रथिन) वळलं असं समजावं. असा केक रबरासारखा होतो आणि कापल्यावर आत उभ्या बोगद्यांसारखी छिद्रं दिसतात. शेवटच्या दोन फेऱ्यांत अक्रोड. मिश्रण टिनच्या दोन-तृतीयांशापर्यंतच भरावं, उरलं तर वाटीत भाजावं. पाच मिनिटांच्या आत टिन ओटीजीत गेलाच पाहिजे, कारण सोड्याचा वायू ओला होताक्षणीच सुटायला लागतो आणि ओट्यावर वाट पाहत नाही.

मिश्रणाच्या मधोमध लांबीच्या दिशेने तेलाची एक बारीक रेघ ओढावी. केळ्याच्या केकला वर चीर पडतेच, कारण वरचा थर आधी घट्ट होतो आणि आतलं अजून फुगत असतं. तो दोष नाही, खूणच आहे. तेलाच्या रेघेने ती चीर सरळ पडते एवढंच.

भाजताना खरं तापमान १७०, वर-खाली दोन्ही सळया चालू. पहिल्या पंधरा मिनिटांत कडा वर येतात, पंचविसाव्या मिनिटाच्या आसपास मध्ये चीर दिसते. तिसाव्या ते पस्तिसाव्या मिनिटाला माथा सोनेरी तपकिरी झालेला असतो. इथेच छोट्या ओटीजीत हस्तक्षेप करावा लागतो. दार झटकन उघडून टिनवर ॲल्युमिनियम फॉइल सैल टाकायची, चकाकती बाजू वर, मध्ये किंचित उंच दुमडून, सळईला कुठेही टेकणार नाही अशी. त्याच वेळी टिन उलट फिरवून ठेवायचा, कारण काचेच्या दाराकडची बाजू नेहमी थोडी गार असते. वरची सळई बंद करून नुसत्या खालच्यावर उरलेला वेळ भाजावं असं बरेच जण सांगतात. तळ जाड करपण्याचा धोका त्यात जास्त, माझा कौल फॉइललाच. तिसाव्या मिनिटाआधी दार उघडू नये. आतला सांगाडा तोपर्यंत कच्चा असतो, गार हवेने तो खचतो आणि पुन्हा वर येत नाही.

पन्नासाव्या मिनिटाला पहिली तपासणी. दात कोरायची काडी पुरत नाही, ती मध्यापर्यंत पोचत नाही. विणकामाची स्वच्छ बारीक सुई किंवा कबाबची काडी चिरेच्या बाजूने, मधोमध, तळापासून बोटभर वरपर्यंत घालावी. ओलं पीठ चिकटून आलं तर आठ मिनिटं आणखी. दोन-चार ओलसर कण आले तर झालं. केळ्याचा तुकडा मध्ये आला तर सुई उगाच ओली दिसते, म्हणून दोन ठिकाणी पाहावं. टोचायचा थर्मामीटर असेल तर मध्ये ९५ ते ९७ अंश आले की केक झाला, मग बाकी कशाची गरज नाही. अंड्याचा केक सहसा पंचावन्न ते साठ मिनिटं घेतो, बिनअंड्याचा पाच-सात मिनिटं जास्त.

टिनमध्ये दहा मिनिटं, मग कागद धरून उचलून जाळीवर. टिनमध्येच गार होऊ दिला तर वाफ कडांना ओल आणते. पूर्ण निवायला दीड-दोन तास लागतात आणि त्याआधी कापला तर सुरीला चिकटतो, जणू कच्चाच आहे असा दिसतो. दुसऱ्या दिवशी हा केक पहिल्या दिवसापेक्षा चांगला लागतो, वास मुरतो.

बिघाड बहुतेक चार-पाच जागीच होतात. मध्ये खचला: बाहेर काढल्यावर खचला असेल तर कच्चा राहिला, ओव्हनमध्येच खचला असेल तर सोडा-पावडर जास्त किंवा दार लवकर उघडलं. तळाशी चिकट, खिरीसारखा थर: गर जास्त पडला, किंवा मिक्सरमधला होता, किंवा पत्र्याचा ट्रे खाली होता. वर काळा, आत ओला: खरं तापमान १९० च्या पुढे गेलं किंवा टिन वरच्या खाचेत. कोरडा, भुसभुशीत: मैदा कपाने मापताना दाबून भरला, हे सर्रास होतं; दाबून भरलेला कप दीडशे ग्रॅमपर्यंत जातो, हलक्या हाताने भरलेला १२० च्या आसपास. वजनकाटा घ्या, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा. वीज गेली तर दार उघडू नका. चाळिसाव्या मिनिटानंतर गेली असेल तर केक बहुधा वाचतो, पहिल्या वीस मिनिटांत गेली तर गच्च होणार.

इतर साधनांशी तुलना करायची तर: कुकरमध्ये शिटी आणि रिंग काढून, तळाशी मिठाचा थर देऊन केक होतो आणि चवीला वाईट नसतो, पण माथा फिकट आणि ओलसर राहतो, आणि तापमान कळायला काही मार्ग नाही. ज्यांच्याकडे कुकरच आहे त्यांनी खुशाल करावा, फक्त पसरट टिनमध्ये, दोन इंचांपेक्षा जाड नको. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह चांगला, पंख्यामुळे सगळीकडे सारखा भाजतो, पण वरचा थर लवकर सुकतो. तापमान १५५ ते १६० ठेवावं, आणि धातूचा टिन फक्त कन्व्हेक्शनवर. ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी नुसत्या केळ्याच्या केकसाठी ओटीजी घेण्याचं कारण नाही. एअर फ्रायर या केकसाठी सर्वांत गैरसोयीचा: गरम वारा थेट माथ्यावर, टिन मावत नाही. छोट्या मफिनच्या वाट्या १५० अंशांवर वीसेक मिनिटांत होतात, तेवढं करावं.

ओटीजीची मर्यादाही सांगायला हवी. एका वेळी एकच केक. दोन टिन शेजारी ठेवले की हवा खेळत नाही आणि आतल्या बाजू कच्च्या राहतात. दोन केक करायचे तर दुसऱ्याचं मिश्रण पहिला बाहेर आल्यावरच कालवावं, आधी कालवून ठेवू नये. बाहेरचा पत्रा हात भाजेल इतका तापतो, घरात लहान मूल असेल तर जागा उंचावर हवी. खालचा चुऱ्याचा ट्रे प्रत्येक वेळी पुसावा. साखरेचा थेंब सळईवर पडला तर तो पुढच्या केकला धुराचा वास देतो. सळई पूर्ण गार झाल्यावर ओल्या फडक्याने पुसावी, घासणी लावू नये.

केक कोरड्या हवेत दोन-तीन दिवस बाहेर टिकतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात दुसऱ्याच दिवशी फ्रिजमध्ये ठेवावा, ओलसर केकला बुरशी लवकर धरते आणि ती आधी तळाशी, कागदाखाली येते. फ्रिजमध्ये बंद डब्यात पाच-सहा दिवस. त्याहून जास्त ठेवायचा तर काप करून, मध्ये कागद घालून फ्रीझरमध्ये. खाताना काप थेट ओटीजीत १५० अंशांवर सात-आठ मिनिटं, फक्त खालच्या सळयांवर.